कासला फुलं, गूगलला आमचा पत्ता

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या फोनवर एकच प्रश्न असतो, "ताई, फुलं आली का?" भाडं किती, जेवणात काय, गाडी दारापर्यंत येते का, हे सगळं त्यानंतर. साताऱ्याहून कासकडे निघालं की यवतेश्वरचा घाट चढून पुढं आमचं घर लागतं. घरामागं खोल्या बांधून आम्ही मुक्कामाची आणि जेवणाची सोय केली आहे. २०१२ साली पश्चिम घाटासोबत कास पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि त्यानंतर या रस्त्याला मुक्कामाच्या पाट्या वाढत गेल्या. पाटी बघून गाडी वळवणारा पाहुणा मात्र आता कमीच. माणूस पुण्यातच मोबाइलवर खोली ठरवून निघतो, आणि ठरवतो ती बहुतेक एखाद्या मोठ्या बुकिंग पोर्टलवर. पोर्टल कमिशन कापतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गिऱ्हाईक त्यांनी आणून दिलेलं असतं. पण पाहुण्याचा खरा मेल पत्ता ते आम्हाला कळू देत नव्हतं. म्हणजे दोन दिवस आमच्या हातची भाकरी खाऊन गेलेला माणूस पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पोर्टलवरच आम्हाला शोधणार आणि आम्ही पुन्हा कमिशन देणार. म्हणून स्वतःची वेबसाइट करायची ठरवली.

साइट एका ओळखीच्या माणसाकडून करून घेतली. दिसायला देखणी होती. उघडली की पडद्यावरून ढग सरकायचे आणि मग खोल्यांचे फोटो एकामागून एक यायचे. नातेवाइकांनी कौतुक केलं. फोन मात्र एकही त्या साइटवरून आला नाही. गूगलवर आमच्या मुक्कामाचं नाव टाकलं तरी वर यायचं ते पोर्टलवरचं आमचं पान. आमची स्वतःची साइट दुसऱ्या पानावर नाही, पाचव्या पानावरही नाही.

कराडला इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या गणपतीला घरी आला होता. त्याने शोधाच्या चौकटीत 'साइट' हा शब्द, त्यापुढं विसर्गासारखे दोन टिंब आणि लगेच आमचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, असं लिहून बघितलं. असं लिहिलं की गूगलने त्या साइटची किती पानं नोंदवली आहेत त्याचा अंदाज येतो. एकही निकाल नाही. "काकू, तुमची साइट मागं पडलेली नाही. ती गूगलला माहीतच नाही."

हा फरक समजला आणि पुढचं सगळं सोपं झालं. गूगलचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी त्याचा रोबोट पानावर येऊन जातो, मग ते पान नोंदवहीत घ्यायचं की नाही ते ठरतं, आणि कोणी काही शोधलं की नोंदवलेल्या पानांतून क्रम लागतो. आपल्याकडे 'एसईओ', म्हणजे साइट शोधात वर आणणं, म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक तिसऱ्या टप्प्याबद्दल असतं. आमची गाडी दुसऱ्याच टप्प्यावर अडली होती. आमची साइट वर्डप्रेस या साइट बांधायच्या सॉफ्टवेअरवर आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान आहे. त्यात तळाशी एक चौकट असते, तिच्यावर खूण केली की सर्च इंजिनांना 'ही साइट नोंदवू नका' अशी सूचना जाते. साइट बांधताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून ती खूण करतात. काम झाल्यावर काढायची असते. आमच्या माणसाने पैसे घेतले, खूण तशीच ठेवली.

खूण काढली आणि आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणाऱ्या गूगल सर्च कन्सोलमध्ये ती जोडायला बसलो. हे फुकट आहे, आणि ज्याची वेबसाइट आहे त्याने दुसरं काही नाही केलं तरी हे करावं. साइट आपलीच आहे हे पटवण्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी असतात तिथं, एक ओळ टाकायला गेलो. तिथं दुसरा साप निघाला. डोमेन आमच्या नावावर नव्हतंच. ज्याने साइट केली त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मेलवर घेतलं होतं. उद्या त्याने नूतनीकरण केलं नसतं तर पाटीवर, पावतीवर, गाडीच्या मागच्या काचेवर छापलेला पत्ता दुसऱ्या कोणाचा झाला असता. ते आमच्या खात्यात फिरवून घ्यायला आमच्या यांना त्याच्या दारात जाऊन बसावं लागलं. शिव्या द्याव्या लागल्या नाहीत, चहा मात्र बराच प्यावा लागला.

डोमेन हातात आल्यावर साइटमॅप दिला. साइटमॅप म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, वर्डप्रेस ती आपोआप तयार करतं. मुख्य पानासाठी 'नोंदवा' अशी विनंतीही केली. काही दिवसांनी आमचं नाव टाकलं की आमचीच साइट वर दिसायला लागली. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "आपलंच नाव टाकलं आन् आपणच आलो, त्यात काय मोठं?"

बरोबर होतं त्यांचं. नाव माहीत असलेला माणूस फोनही करू शकतो. वेबसाइट हवी ती आमचं नाव माहीत नसलेल्यासाठी.

मग पान उघडून बघितलं की त्यात लिहिलंय काय. मुख्य पानाचं शीर्षक, म्हणजे गूगलच्या निकालात निळ्या अक्षरांत दिसतं ते, होतं 'होम'. खोल्यांच्या पानाचं 'रूम्स'. जगातल्या किती साइटींचं शीर्षक 'होम' असेल! आणि पानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागेत, कीवर्डची लांबलचक माळ ओवलेली: महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा, अगदी अलिबागसुद्धा. ही मेटा कीवर्डची ओळ आम्ही क्रमासाठी वापरत नाही, असं गूगलने २००९ सालीच जाहीर केलं आहे. तरी लोक अजून ती भरतात आणि त्याचे पैसे घेतात. मी ती पुसून टाकली. शीर्षक केलं 'कास पठाराजवळ घरगुती मुक्काम आणि जेवण, सातारा'. खाली दोन ओळींचं वर्णन लिहिलं. त्या वर्णनाने क्रम वर जात नाही, पण निकाल वाचणारा बोट कुठं लावायचं ते त्यावरूनच ठरवतो.

सर्च कन्सोलमध्ये हळूहळू आकडे यायला लागले. आपण किती वेळा निकालात दिसलो, किती जणांनी बोट लावलं, सरासरी कितव्या क्रमांकावर होतो, आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे लोकांनी नेमकं काय लिहून शोधलं. मला वाटत होतं 'सातारा होमस्टे' असलं काही असेल. तेही होतं. पण ढीग होता तो वेगळ्याच शोधांचा: 'कास पठार फुलं कधी', 'कास आजची स्थिती', 'कास पठार बुकिंग', 'या आठवड्यात कासला जावं का'. कोणी मराठीत, कोणी इंग्रजी अक्षरांत, कास लिहिताना कोणी एक 'ए' घातलेला, कोणी दोन. एका ओळीत सांगायचं तर, "ताई, फुलं आली का?"

म्हणजे जो प्रश्न मला फोनवर दिवसातून वीसदा विचारला जायचा, तोच लोक गूगललाही विचारत होते, आणि त्याचं उत्तर आमच्या साइटवर कुठंच नव्हतं. आमच्या साइटवर होतं 'निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव'. ते कोणीही शोधत नाही.

मी एक पान केलं. नाव साधं, 'कास पठारावर आज काय फुललंय'. आमचे हे दूध घालायला जातात त्या रस्त्यावरून पठार फार लांब नाही. दर दोन-तीन दिवसांनी जाऊन मोबाइलवर फोटो काढून आणायचे ठरलं. फोटोखाली तारीख आणि तीन-चार ओळी. आज गेंदाचे पांढरे गोंडे आहेत. तेरडा गुलाबी व्हायला लागलाय. सीतेची आसवं ओलसर जागी, अजून विरळ. सोनकीला वेळ आहे. कासचं वैशिष्ट्यच असं की जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ, म्हणून झाडं वाढत नाहीत, फुलं येतात, आणि आठवडा बदलला की रंग बदलतो. जुलैतच येऊन "काही नाहीये इथं" म्हणत परत जाणारे आणि ऑक्टोबरच्या शेवटी वाळलेलं गवत बघून नाराज होणारे, दोन्ही आम्ही बघितले आहेत. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या टोपली कारवीचं तर विचारूच नका. कारवी या वर्षी आहे की नाही हे विचारणारे फोन वेगळेच.

एका शनिवारच्या आदल्या दिवशी पठारावर असं दाट धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. मी पानावर तसंच लिहिलं: 'आज धुकं. फुलं आहेत, पण दिसत नाहीत. उद्याही असंच राहील असं वाटतंय.' फोटोही तसाच, नुसता पांढरा. हे घरी आल्यावर म्हणाले, "अगं, असं लिहिल्यावर कोण येईल? रविवारचं बुकिंग जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. त्या दिवशी फोन आले ते रद्द करायला नाही, मंगळवार-बुधवार चालेल का विचारायला. शनिवार-रविवारी या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, पठारावर दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आहे आणि ऑनलाइन प्रवेशाची जागा आधीच भरलेली असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी माणूस सुखाने फिरतो आणि आमच्याही खोल्या रिकाम्या राहत नाहीत. तेव्हापासून हे स्वतःच धुक्याचे फोटो काढून आणतात.

या पानाबद्दल एक गोष्ट पुतण्याने पहिल्यापासून बजावली होती आणि ती फार उपयोगी पडली: दर वर्षी नवं पान करायचं नाही. पत्त्यात साल घालायचं नाही. एकच पान, एकच पत्ता, हंगाम सुरू झाला की वरचा मजकूर बदलायचा, मागच्या वर्षीच्या नोंदी खाली सरकवायच्या. पुण्यातल्या एका भटक्यांच्या गटाने आपल्या सहलीच्या माहितीत त्या पानाचा दुवा दिला, मग आणखी कोणी दिला. पत्ता दर वर्षी बदलला असता तर ते सगळे दुवे मेलेल्या पानाकडे गेले असते. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचेच आकडे ठेवतं, म्हणून हंगाम संपला की मी ते उतरवून घेते. तेरडा कोणत्या आठवड्यात होता आणि लोकांनी कोणत्या आठवड्यात शोधलं, हे शेजारी ठेवून बघायला मजा येते. लोक फुलांच्या आधी तीन आठवडे शोधायला लागतात.

फोटोंचं काम कंटाळवाणं होतं, पण टाळण्यासारखं नव्हतं. पहिल्या साइटवर कॅमेऱ्यातून काढलेले फोटो तसेच चढवलेले होते, एकेक पाच-सहा एमबीचा. साताऱ्यात घरच्या वायफायवर ठीक. पण आमच्याकडं यायला निघालेला माणूस घाटात असतो, तिथं रेंज येते-जाते. गूगलचा पेजस्पीड इनसाइट्स नावाचा तपास आहे. पानावरची सगळ्यांत मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, असं त्याचं माप. आमच्या पानाला घाटातल्या रेंजवर तेवढ्या वेळात ढगसुद्धा सरकत नव्हते. ढग काढून टाकले. फोटो लहान करून वेबपी या हलक्या प्रकारात चढवले, प्रत्येकाला नाव दिलं आणि फोटोत काय आहे ते सांगणारी एक ओळ जोडली. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा मोबाइल ती ओळ वाचून दाखवतो, गूगललाही त्यावरून फोटो कळतो.

नकाशाचं प्रकरण वेगळं. गूगल मॅप्सवर आमच्या नावाची खूण कोणीतरी आधीच ठोकून ठेवली होती, ती भलत्याच ठिकाणी. पाहुणे रात्री आठला एका म्हाताऱ्या बाबांच्या खळ्यात जाऊन उभे राहायचे. बाबा सज्जन, कंदील घेऊन रस्ता दाखवायला यायचे, पण त्यांनाही किती त्रास द्यायचा? बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावरची आपल्या धंद्याची नोंद, आपल्या नावावर घ्यायला गूगलने व्हिडिओ मागितला, एका दमात काढलेला: रस्ता, पाटी, आणि जागा आपल्या ताब्यात आहे हे दिसेल असं काहीतरी. पुतण्याने मोबाइल धरला, मी कुलूप उघडलं, आणि मध्येच सासूबाई सूप घेऊन बाहेर आल्या, "काय चाललंय रे?" तोच व्हिडिओ पाठवला. मंजूर झाला. खूण जागेवर आली. प्रोफाइलमध्ये नावापुढं 'कासजवळचं बेस्ट हॉटेल' वगैरे जोडायचा मोह आजूबाजूच्या बऱ्याच जणांना होतो. पाटीवर आहे तेवढंच नाव लिहावं, असा गूगलचा नियम आहे. 'रिव्ह्यू लिहा, चहा फुकट' हेही चालत नाही. आमच्या यांनी तसा बोर्ड रंगवायला घेतला होता, तो आता कोंबड्यांच्या खुराड्याला लावलाय.

साइट वर दिसायला लागली तसे दुसरे फोन यायला लागले. "मॅडम, तुमची वेबसाइट पहिल्या नंबरवर आणून देतो, गॅरंटी." मी विचारलं, कोणत्या शब्दाला? "सगळ्या." कसं? "आम्ही तुम्हाला हजार बॅकलिंक देतो." बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडं येणारे दुवे. पैसे देऊन असे दुवे विकत घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. २०१२ मध्ये त्यांनी पेंग्विन नावाचा बदल आणला तो अशा दुव्यांच्या जिवावर वर गेलेल्या साइटींना खाली ओढण्यासाठीच. आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः सांगतं. मी त्या माणसाला म्हटलं, "दादा, फुलं कधी येणार याची गॅरंटी देता का? मग बोलू." पुतण्यालाही मध्येच उमेद आली होती, एआयकडून साताऱ्यावर शंभर लेख लिहून घेऊ म्हणाला. सज्जनगड, ठोसेघर, अजिंक्यतारा, बामणोली, सगळ्यांवर. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमचे नियम कडक केले, त्यात केवळ क्रमासाठी घाऊक पानं पाडणं हा प्रकार नाव घेऊन आला आहे. तो नियम नसता तरी मला ते नको होतं. ठोसेघरला पाणी किती आहे हे मी परवा बघून आले असेन तर लिहीन.

आता मेल.

आमच्याकडं येणाऱ्यांची नोंदवही असते. नाव, गाव, फोन, आणि शेवटच्या रकान्यात मेल. आधी तो रकाना कोणी भरो न भरो, चालायचं. मग मी त्यापुढं एक ओळ छापून घेतली: 'फुलं आली की आम्ही कळवावं का? हो / नको.' 'हो'वर गोल केलेल्यांनाच मेल करायचा, असं ठरवलं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे, की माणसाने दिलेली माहिती ज्या कामाला दिली त्याच कामाला वापरा आणि संमती साफ शब्दांत घ्या. पण कायदा नसता तरी, न विचारता मेल करणाऱ्याला आपणही स्पॅममध्येच टाकतो की.

यांचं म्हणणं होतं, मेल कशाला, व्हॉट्सअ‍ॅप आहे ना. करून बघितलं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने आपला नंबर मोबाइलमध्ये जतन केलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही. एकदा राहून गेलेला पाहुणा आमचा नंबर कशाला जपून ठेवेल? ग्रुप केला असता तर सकाळी सातपासून गुड मॉर्निंगची फुलं आली असती, कासची नव्हेत.

वहीतून पत्ते उतरवणं हे सगळ्यांत किचकट काम. घाईत लिहिलेल्या अक्षरात एल आणि एक यांत फरक दिसत नाही, शून्य की ओ ते कळत नाही, आणि जीमेलचं स्पेलिंग लोक तीन तऱ्हेने करतात. चुकीच्या पत्त्यांवर गेलेले मेल परत येतात, आणि असे परत येणारे मेल जास्त झाले की पाठवणाऱ्याची पत घसरते. म्हणून आता पाहुणा जाताना आम्ही मोबाइलच पुढं करतो. त्याने पत्ता टाकला की त्याच्याकडं एक मेल जातो आणि त्यातल्या दुव्यावर बोट लावलं तरच तो यादीत येतो. काही जण ते करत नाहीत. हरकत नाही, ज्यांनी नाही केलं त्यांना नकोच होतं.

पहिला मेल एका मेल पाठवण्याच्या सेवेतून गेला, पाठवणाऱ्याच्या जागी घरचा जीमेलचा पत्ता लावून. मी माझ्या नणंदेला पुण्याला फोन केला, आला का गं? नाही आला. स्पॅममध्ये बघ. तिथं होता. बहिणीकडंही तेच. जीमेलचा पत्ता लावून भलत्याच सर्व्हरवरून आलेला मेल जीमेल संशयाने बघणारच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांची ओळख तपासायचे नियम कडक केले आहेत. जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क हे तिन्ही आणि एका टिचकीत यादीतून बाहेर पडायची सोय बंधनकारक झाली. आम्ही त्या आकड्याच्या आसपासही नाही. पण ओळखीचा काहीतरी पुरावा लहान माणसालाही द्यावा लागतोच, मग तिन्ही करून टाकावं.

हे तीन शब्द ऐकून मी आधी घाबरले होते. गावाकडच्या लग्नपत्रिकेवरून समजावून घेतलं. पत्रिका वाटायला घरचे कोण कोण फिरणार हे आधीच सांगून ठेवणं म्हणजे एसपीएफ. पत्रिकेवर घरच्यांची सही असणं, वाटेत कोणी मजकूर बदलला तर कळावं म्हणून, हा डीकिम. आणि अनोळखी माणूस सहीशिवाय पत्रिका घेऊन आला तर दारातूनच परत पाठवा की आत घ्या, हे यजमानाने सांगणं म्हणजे डीमार्क. तिन्ही गोष्टी डोमेनच्या डीएनएसमध्ये लिहायच्या ओळी असतात. मेलची सेवा त्या तयार करून देते, आपण नेऊन चिकटवायच्या. आधी डोमेनवरचा पत्ता घेतला, मग ओळी चिकटवल्या.

तरीही एसपीएफ नापास! हे शोधायला पुतण्याचा एक रविवार गेला. साइट करणाऱ्या माणसाने आपल्या होस्टिंगसाठी, म्हणजे साइट ठेवलेल्या सर्व्हरसाठी, एसपीएफची एक ओळ आधीच घालून ठेवलेली होती, आणि आमची दुसरी. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच असावी लागते. दोन झाल्या की तपासणारा दोन्ही सोडून देतो. दोन्ही ओळी एकात मिसळल्या. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' निवडलं की वरच्या चौकटीत तिन्हींची नावं आणि पुढं निकाल दिसतो. तीनही ठिकाणी 'पास' दिसलं तेव्हा पुतण्याने आरोळी ठोकली आणि कुत्रं भुंकायला लागलं. डीमार्क आधी सौम्य ठेवायचा, नुसता अहवाल मागवायचा. सगळं नीट चाललंय हे दिसलं की मग कडक करायचा.

मेलमध्ये काय लिहायचं यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. पानावर लिहिते तेच, थोडं आपुलकीने. विषयाच्या ओळीत नुसती बातमी: 'गेंद आला, सीतेची आसवं आठवड्याभरात'. एक फोटो, चार-पाच ओळी, कोणत्या दिवशी खोल्या रिकाम्या आहेत ते, आणि खाली ठळकपणे 'आता मेल नकोत' असा दुवा. 'शेवटच्या दोन खोल्या, त्वरा करा' असलं मी लिहीत नाही. यादीतला निम्मा पुणेकर आहे, त्याला ते कळतं. मेल जड करायचा नाही हेही लक्षात ठेवलं: आतला मजकूर १०२ केबीपेक्षा मोठा झाला की जीमेल खालचा भाग कापतं, आणि बाहेर पडायचा दुवा नेमका तिथंच असतो. मेल बुधवारी जातो. गुरुवारी घराघरांत शनिवारचं ठरतं.

पहिल्यांदा कोणी यादीतून बाहेर पडलं तेव्हा यांना वाईट वाटलं. "काय चुकलं असेल?" काही नाही. एकदा फुलं बघून झाली की काही जणांना पुन्हा बघायची नसतात. तो माणूस गपचूप बाहेर पडला हे चांगलं, त्याने 'स्पॅम'चं बटण दाबलं असतं तर वाईट. गूगलने तक्रारींची मर्यादा ०.३ टक्के सांगितली आहे, म्हणजे हजारात तीन. आमच्यासारख्या छोट्या यादीत एखाद्या चिडक्या माणसानेही ती ओलांडली जाते.

किती जणांनी मेल उघडला, हा आकडा मी बघायचा सोडला आहे. २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप, ग्राहकाने ती सोय चालू केली असेल तर, मेलमधले फोटो स्वतःच आधी उघडून ठेवतं, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. मी उत्तरं मोजते. लोक खरोखर उत्तर लिहितात. कोल्हापूरच्या एका बाईंनी विचारलं, आईचे गुडघे दुखतात, वाहनतळापासून किती चालावं लागेल, मध्ये बसायला जागा आहे का? मी यांना पाठवून चालत जाऊन बघायला सांगितलं, त्यांनी कुठं चढ आहे, कुठं टेकता येतं ते सगळं सांगितलं. बाईंना उत्तर पाठवलं आणि तेच उत्तर पानावरही घातलं, 'वयस्कर माणसांना कास झेपेल का' अशा मथळ्याखाली. त्या मथळ्यावर आता गूगलवरून रोज कोणी ना कोणी येतं. मला सुचला नसता तो प्रश्न.

पोर्टल अजून आहे. पहिल्यांदा येणारे बरेच जण तिथूनच येतात, येऊ देत. फरक पडला तो दुसऱ्यांदा येणाऱ्यांत. ते मेलला उत्तर देतात, "मंगळवार-बुधवार दोघं, पिठलं-भाकरी ठेवा," आणि काम होतं.

गेल्या हंगामात सर्च कन्सोलमध्ये एक नवं चित्र दिसलं. आम्ही निकालात दिसतो तेवढेच, जवळजवळ वरच्याच जागी, पण बोट लावणारे कमी. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतात निकालाच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली. 'कासला फुलं कधी येतात' याचं उत्तर आता तिथंच मिळतं: ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. बरोबरच आहे ते. त्यासाठी कोणी आमच्यापर्यंत कशाला येईल? पुतण्या म्हणतो, त्यालाही काही युक्त्या निघतील. मी मात्र पानावरून 'फुलं कधी येतात'चा मोठा निबंध खाली ढकलला आणि आजचा फोटो, आजची तारीख आणि आजचं धुकं सगळ्यांत वर आणलं, मोबाइल उघडताच दिसेल असं. साइटवर मेल पत्ता देण्याची चौकटही त्याच्या लगेच खाली घेतली, 'फुलं आली की कळवू' एवढ्याच शब्दांत. या वर्षी त्या चौकटीतून जेवढे पत्ते आले त्यांतले बरेच मुक्कामाला अजून आलेलेच नाहीत. त्यांना वेगळा मेल लिहावा की वहीतल्यांसोबतच पाठवावा, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. सासूबाईंचं मत, "आधी या म्हणावं, मग ओळख वाढवू."